आज निवड, पाच वर्षांनी खेळाडू : आइस हॉकीच्या 'ड्राफ्ट'मधील जोखीम

आयपीएलच्या लिलावात विकत घेतलेला खेळाडू काही महिन्यांतच मैदानावर दिसतो. त्याच्यावर केलेला खर्च वसूल झाला की वाया गेला, याचा निर्णय त्याच हंगामात लागतो. अमेरिका आणि कॅनडातील नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलमध्ये मात्र तसे घडत नाही. तेथे दरवर्षी होणाऱ्या 'ड्राफ्ट'मध्ये बोली लागत नाही. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक संघ एकेका खेळाडूचे हक्क आपल्याकडे घेतो. १९६३ साली माँट्रियल येथे सुरू झालेल्या या पद्धतीत सध्या ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात आणि निवडले जाणारे बहुतेक खेळाडू अवघ्या अठरा वर्षांचे असतात. या वयातील मुलाचे शरीर पुरते भरलेले नसते. त्यामुळे संघाला खेळाडूपेक्षा त्याच्याविषयीचा अंदाजच निवडावा लागतो.

काही खेळाडूंच्या बाबतीत हा अंदाज अधिकच धूसर असतो. गोलरक्षक आणि बचावपटू उशिरा परिपक्व होतात. महाविद्यालयीन हॉकीचा मार्ग धरणारे तीन-चार वर्षे तेथेच राहू शकतात, तर रशियातील खेळाडू तेथील क्लबच्या कराराने बांधलेले असतात. अशा 'संथ वाटे'वरील खेळाडूवर निवड खर्च करावी काय, हा संघाच्या व्यवस्थापकांपुढील जुना पेच आहे.

किरील काप्रिझोव्हचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सैबेरियातील नोवोकुझ्नेत्स्कच्या या आघाडीवीराला मिनेसोटा वाइल्ड संघाने २०१५ मध्ये पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर निवडले. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, क्लब रशियन लीगमधील दुबळा आणि खेळाडू अमेरिकेत कधी येईल याची शाश्वती नाही. १३४ वेळा इतर नावे पुकारली गेली, ती याच कारणांमुळे. मात्र रशियन खेळाडूवरील हक्काला त्यावेळच्या नियमांत मुदत नव्हती. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधील खेळाडूशी दोन वर्षांत करार न केल्यास त्याचे हक्क हातचे जात. येथे घड्याळ थांबलेले होते. वाइल्डने पत्करलेल्या जोखमीचा खरा आधार हाच होता.

काप्रिझोव्ह पुढे उफा आणि तेथून मॉस्कोच्या सीएसकेए संघात गेला. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेतील विजयी गोल त्याचाच होता. २०१९ मध्ये सीएसकेएने गागारिन करंडक जिंकला आणि २०१९-२० च्या हंगामात त्याने ५७ सामन्यांत ३३ गोल केले. संथ वाटेवरील खेळाडूची पारख करताना पाहावे ते हेच. तो केवळ थांबून आहे की दर वर्षी वरच्या पायरीवर जाऊन तेथेही उठून दिसतो आहे? काप्रिझोव्हच्या बाबतीत उत्तर स्पष्ट होते.

तो जानेवारी २०२१ मध्ये वाइल्डकडून पहिला सामना खेळला आणि लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध जादा वेळेत गोल करून त्याने तो जिंकून दिला. त्या मोसमात ५५ सामन्यांत ५१ गुण मिळवून तो सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर चषकाचा मानकरी ठरला. पुढच्याच मोसमात ४७ गोलांसह १०८ गुण!

तरीही ही प्रतीक्षा फुकट नव्हती. त्याला निवडणारे महाव्यवस्थापक चक फ्लेचर २०१८ मध्येच पायउतार झाले, त्यांच्या जागी आलेले पॉल फेंटन वर्षभरच टिकले आणि प्रत्यक्ष करार झाला तो बिल गेरिन यांच्या कारकिर्दीत. दूरदृष्टी दाखवणाऱ्याच्या पदरी श्रेय पडेलच असे नाही. अनेक व्यवस्थापक लगेच उपयोगी पडणारा खेळाडू का पसंत करतात, याचे एक कारण येथे सापडते. शिवाय दोन वर्षांच्या प्रारंभिक, स्वस्त करारातील पहिले वर्ष तो एकही सामना न खेळता संपले. उशिरा आलेला खेळाडू लवकर महाग होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये वाइल्डला पाच वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलर मोजावे लागले.

नाण्याची दुसरी बाजू न्यूयॉर्क रेंजर्सने अनुभवली. २००३ च्या ड्राफ्टमध्ये या संघाने बाराव्या क्रमांकावर डार्टमथ महाविद्यालयाचा साडेसहा फुटी ह्यू जेसिमन निवडला. त्याच्यानंतर त्याच फेरीत झॅक पॅरिसे, रायन गेट्झलाफ आणि कोरी पेरी निवडले गेले. जेसिमन एनएचएलमध्ये एकूण दोन सामने खेळला, तेही २०११ मध्ये आणि फ्लोरिडा पँथर्सकडून.

केवळ फळावरून जेसिमनची निवड मूर्खपणाची आणि काप्रिझोव्हची प्रतिभेची ठरवणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. निवडीच्या दिवशी काय ठाऊक होते आणि चुकल्यास काय गमवावे लागणार होते, हे आधी तपासले पाहिजे. पाचव्या फेरीतील निवड फसली तर कोणी विचारत नाही. कारण त्या फेरीतून फारसे कोणी वर येतच नाही. बाराव्या क्रमांकावर मात्र शरीरयष्टीवर भिस्त ठेवताना समोर उभे असलेले सिद्ध कौशल्य सोडावे लागते.

या दोहोंच्या मधले प्रकरण मात्वेई मिचकोव्हचे. २०२३ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याचा रशियातील करार २०२६ पर्यंत होता. संघाने तीन वर्षांच्या प्रतीक्षेची तयारी ठेवली होती. तो करार २०२४ मध्येच संपुष्टात आला आणि २०२४-२५ च्या पहिल्याच मोसमात मिचकोव्हने २६ गोल नोंदवले.