रामशेजच्या लांकडी तोफा

नाशिकाहून उत्तरेस दिंडोरीच्या वाटेनें जातांना रामशेजचा डोंगर दृष्टीस पडतो. वनवासांत रामाची शेज येथें होती, अशी लोकांची श्रद्धा आहे. इतिहासाला हा गड आठवतो तो इ. स. १६८२ सालीं पडलेल्या वेढ्यामुळें. संभाजीराजांच्या कारकीर्दींत औरंगजेबाच्या शहाबुद्दीनखानानें येथें मोर्चे बांधले, सुरुंग खणले. तरी गड हातीं येईना. मागून आलेला बहादूरखानहि विन्मुख परतला. गडावर लोखंडी तोफ नव्हती. तेव्हां किल्लेदारानें ओंडके कोरविले, कातडें उपयोगांत आणलें, आणि या लांकडी तोफांनीं मोंगलांस जेरीस आणलें, असें मोंगलांच्याच पक्षाचा इतिहासकार खाफीखान सांगतो.

या किल्लेदाराच्या कल्पकतेचें आपण कौतुक करतों, व तें योग्यच आहे. परंतु एक प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. लोखंडाची उणीव लांकडानें भरून निघाली. सोऱ्याची उणीव कशानें भरून निघाली असती?

तोफेच्या दारूंत गंधक व कोळसा असतो खरा, पण तिचा सुमारें तीनचतुर्थांश भाग सोऱ्याचाच. जुन्या गोठ्यांची व पडक्या भिंतींची खारट माती धुवून, तें पाणी राखेंतून गाळून व आटवून हा क्षार काढीत. तो ३३४ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतो. आंच ४०० अंशांच्या पुढें चढली म्हणजे हळूहळू फुटूं लागतो. तेव्हां नायट्रेटाचा नायट्राइट होतो आणि प्राणवायु मोकळा होतो. हा पालट पुरा झाल्यास १०० तोळे सोऱ्यांतून जवळजवळ १६ तोळे प्राणवायु मिळतो. स्वीडनचा रसायनज्ञ शील यानें अठराव्या शतकांत प्राणवायु शोधला, तोहि ज्या द्रव्यांतून काढला त्यांत सोरा होता.

ठासलेल्या तोफेंत बाहेरची हवा शिरत नाहीं. तेथें कोळशाला जळावयास लागणारा श्वास सोराच पुरवितो. गंधक लवकर पेट घेऊन त्यास आंच देतें. तो श्वास नसता, तर पंचधातूची तोफहि मुकीच राहिली असती.

पोवाडे तोफेचे व तरवारीचे झाले. माती धुणाराचा पोवाडा कोणीं रचला नाहीं. रामशेजची कथा मुलांस सांगतांना त्या अनामिक हातांचीहि आठवण ठेवावी. गड लढला तो त्यांच्याहि श्रमांवर.