तळटीप १७ : ‘गूलार्डी’

१७. गूलार्डी : अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या ‘डब्ल्यूजेडब्ल्यू’ (चॅनेल ८) या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावर १९६३ ते १९६६ या काळात शुक्रवारी रात्री उशिरा भयपट सादर करणारा सूत्रधार. हे सोंग निवेदक एर्नी अँडरसन (१९२३–१९९७) यांचे : खोटी दाढी, प्रयोगशाळेतला कोट, एका बाजूची काच नसलेला गॉगल. १९५७ मध्ये ‘स्क्रीन जेम्स’ने युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक!’ या नावाने केंद्रांना एकगठ्ठा दिले. ते रंगवून दाखवण्यासाठी शहरोशहरी असे सूत्रधार उभे राहिले. गूलार्डी सुमार चित्रपटांची उघड टर उडवी, मध्येच स्वतः दृश्यात शिरे आणि शेजारच्या पार्मा या उपनगराची थट्टा करी. म्हणूनच लेखकाने ‘आमचा गूलार्डी’ म्हटले आहे : हा कार्यक्रम देशाचा नव्हता, त्या एका शहराचा होता आणि तिथल्या एका पिढीचे बालपण त्याच्याशी बांधलेले आहे. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन हे एर्नींचे पुत्र. वडिलांची आठवण म्हणून त्यांच्या निर्मितिसंस्थेचे नाव ‘गूलार्डी फिल्म कंपनी’ आहे. — संपादक