गावाकडचं घर विकायचंय? बातमी योग्य माणसापर्यंत पोहोचवण्यासाठी काय कराल

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून गुपचूप एखाद्या एजंटला किंवा भावकीतल्या माणसाला सांगितलं जातं. नाही तर एकदम सगळीकडे उडवून दिलं जातं: दहा ग्रुपवर फोटो, पाच एजंट आणि प्रत्येकाच्या तोंडी वेगळा भाव. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक एकच असतं आणि आपण एकटेच आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं. दुसऱ्यात ऐकणारे पुष्कळ, पण घर 'फिरलेलं' ठरतं आणि कुणी मनापासून बघत नाही. दोन्हीकडे तोटा मालकाचाच.

लपवण्यामागचं कारण आपल्याला माहीत आहे. 'घर काढलंय म्हणजे अडचणीत असणार' ही चर्चा नको असते. पण खेड्यात ही गोष्ट आठ दिवसांच्या वर लपत नाही. मोजणीवाला आला किंवा ग्रामपंचायतीतून उतारा काढला की कळतंच. मग अर्धवट बातमी पसरण्यापेक्षा आपणच नीट, पूर्ण सांगितलेली बरी.

गिऱ्हाईक कुठं आहे?

मोठ्या शहरात घर घेणारा माणूस मोबाईलवर शोधत येतो. आपल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, जत, शिराळा पट्ट्यात तसं फारसं होत नाही. इथलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा घराशी किंवा गावाशी आधीच जोडलेलं असतं.

सगळ्यात जवळचं म्हणजे भिंतीला भिंत असलेला शेजारी. दोन जागा एकत्र झाल्या तर त्याच्या जागेचीही किंमत वाढते, म्हणून तो इतरांपेक्षा जास्त देऊ शकतो. फक्त तो एकटाच गिऱ्हाईक आहे असं त्याला वाटता कामा नये. दुसरे म्हणजे नोकरीनिमित्त तालुक्यात आलेले शिक्षक, बँक कर्मचारी, आरोग्य खात्यातले लोक. काही वर्षं भाड्यानं राहून ते स्वतःचं घर बघू लागतात. तिसरे वाडी-वस्तीवरचे शेतकरी. मुलांच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी त्यांना एसटी स्टँडच्या आसपास घर हवं असतं.

आणि चौथे बाहेर गेलेले. खानापूर-आटपाडीतले गलाई बांधव देशभरातल्या सोन्या-चांदीच्या बाजारपेठांत आहेत. शिराळ्यातली कितीतरी कुटुंबं मुंबईत आहेत. या लोकांना गावात आपलं काहीतरी असावं असं वाटतं आणि अनेकांकडे ऐपतही असते. त्यांच्यापर्यंत गावातला बोर्ड पोहोचत नाही. तिथं गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्या त्या शहरातलं गावकऱ्यांचं मंडळ आणि नातेवाइकांचा फोन चालतो. ग्रुप ॲडमिनला आधी विचारून पोस्ट टाका. न विचारता टाकलेली जाहिरात लोक वाचतच नाहीत.

कागद नसेल तर जाहिरात वाया

बातमी हजार लोकांना गेली, पण त्यातले घेऊ शकणारे किती? हे तुमच्या कागदांवर ठरतं आणि नेमकं इकडंच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ म्हणजे मालकीचा पुरावा, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. तो कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्याच्यावर गृहकर्ज मिळणं अवघड जातं. म्हणजे पगारदार गिऱ्हाईक, जो बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेतो, तो आपोआप बाद झाला. उरले रोख पैसेवाले, आणि रोखवाला भाव पाडूनच मागतो.

गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड दिलं जातं. ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. तुमच्या गावाची मोजणी झाली आहे का आणि पत्रक तयार आहे का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. पत्रकावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आधी करून घ्या.

घर गावठाणात नसून सातबाऱ्यावरच्या जमिनीत असेल तर आणखी एक अडचण येते. बिगरशेती झाली नसेल तर कायद्यानं ती शेतजमीनच, आणि शेतकरी नसलेल्याला ती सहसा विकत घेता येत नाही. जाहिरात करण्याआधी हे वकिलाला दाखवा.

बहिणींचा विषय तर आधीच मिटवायला हवा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 'ती काही बोलणार नाही' या भरवशावर घर बाजारात काढलं आणि विसार झाल्यावर हरकत आली, तर गिऱ्हाईक जातंच, शिवाय 'त्या घराची भानगड आहे' हे तालुकाभर होतं. ते पुसायला वर्षं जातात. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आधी आणि लेखी घ्या. एकट्यानं आपला हिस्सा विकायचा असेल तर हिंदू वारसा कायद्यात सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क दिला आहे, हेही ध्यानात ठेवा.

भाव एकच, आणि उघड

'किंमत फोनवर' असं लिहिण्याची आपल्याकडे फॅशन आहे. त्यानं होतं काय, तर लोक स्वतःच आकडा ठरवतात आणि पुढं सांगत सुटतात. त्यापेक्षा आकडा लिहा. थोडी बोलणी होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आकडा ठरवताना रेडी रेकनर बघा, पण बाजारभाव म्हणजे रेडी रेकनर नव्हे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, त्यासाठी त्याचा उपयोग. खरा अंदाज हवा असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव निवडून अलीकडच्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ बघा. कुठली मिळकत कितीला नोंदली गेली ते त्यात दिसतं. चावडीवर ऐकलेल्या आकड्यांपेक्षा हे आकडे कमी वाटतील. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी खरं असतं.

एजंटला काय सांगायचं

सगळ्या घरांची एकत्र यादी अशी आपल्याकडे नाही. प्रत्येक एजंटची स्वतःची वही आणि स्वतःचे दहा-वीस गिऱ्हाईक. म्हणून दोन-तीन एजंटांना सांगण्यात चूक नाही. चूक होते ती 'मला अठरा द्या, वरचे तुमचे' असं बोलण्यात. मग एकजण वीस सांगतो, दुसरा बावीस, आणि त्याच्याकडून ऐकलेला तिसरा चोवीस. गिऱ्हाईक चौघांना विचारतं, चार भाव ऐकतं आणि यात काहीतरी गडबड आहे म्हणून मागं सरतं. किंवा थेट तुमच्याकडं येऊन सोळाला मागतं.

दलाली टक्क्यात ठरवा. तालुक्याच्या ठिकाणी साधारण एक ते दोन टक्के बोललं जातं, कधी दोन्ही बाजूंकडून. ती कधी द्यायची, विसाराला की खरेदीखताला, हेही कागदावर घ्या. माझ्या मते खरेदीखताच्या दिवशी देणंच बरं. आणि सगळ्यांना एकच किंमत, एकच फोटो, एकच मजकूर द्या. 'मालकाला थेट विचारलं तरी हाच भाव मिळेल' हे एजंटलाही सांगून टाका.

बोर्ड, फोटो, मजकूर

बोर्ड अजूनही चालतो. विट्यातून गुहागर-विजापूर रस्त्यानं जाणारा माणूस मोबाईल बघत नसतो, भिंतीकडे बघतो. घर आतल्या गल्लीत असेल तर मुख्य रस्त्यावरच्या ओळखीच्या दुकानावर, परवानगीनं, एक छोटा बोर्ड लावा. त्यावर नंबर मात्र उचलणाऱ्या माणसाचा हवा. मालक कोइमतूरला, नंबर त्यांचा आणि दुकानाच्या गडबडीत फोन उचलला जात नाही, ही आपल्या भागातली नेहमीची गोष्ट. किल्ली आणि नंबर गावातल्या एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा.

फोटो काढण्याआधी घर उघडून झाडून घ्या. बंद घराला जाळ्या आणि ओल असतेच. सकाळच्या उजेडात, सगळी दारं-खिडक्या उघडून, मोबाईल आडवा धरून काढा. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, समोरचा रस्ता आणि चारचाकी दारापर्यंत येते का हे दिसलंच पाहिजे. भिंतीला भेग असेल तर तीही दाखवा. मुंबईहून आठ तास प्रवास करून आलेल्या माणसाला ती प्रत्यक्षात दिसली, तर तो नुसता घरावर नाही, तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. लांबच्यांसाठी दोन मिनिटांचा न तोडलेला व्हिडिओ करा. फाटकापासून सुरू करून गच्चीवर संपवा.

मजकूर साधा असू द्या. उदाहरणार्थ: 'एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं. जागा २ गुंठे (२१७८ चौरस फूट), आरसीसी बांधकाम ९०० चौरस फूट, वरती बांधायला वाव. नळ व बोअर, स्वतंत्र वीजमीटर. मालमत्ता पत्रक मालकाच्या नावावर, बोजा नाही. किंमत इतकी. बघण्याची वेळ सकाळी ८ ते ११.' 'सुवर्णसंधी', 'त्वरा करा' हे शब्द काढून टाका.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, मॅजिकब्रिक्स यांवरही टाका. साधी जाहिरात सहसा फुकट असते. पण तिकडून येणारे निम्मे फोन एजंटांचेच असतात, हे धरून चाला. उतारा, आधार कार्ड, खरेदीखताचे फोटो ग्रुपवर किंवा साइटवर कधीच टाकू नका. कागद समोरासमोर दाखवा.

वेळ

पितृपंधरवड्यात आपल्याकडे कुणी विसार देत नाही. तो काळ साफसफाई, रंग आणि कागदांसाठी वापरा आणि घटस्थापनेला बातमी सोडा. दसरा-दिवाळीत बाहेरगावची माणसं घरी येतात. तसंच गावच्या यात्रेला आणि मे महिन्यात. नोकरदार आणि शाळेसाठी बघणारे मार्च ते जूनमध्ये फिरतात. ऊस पट्ट्यात कारखान्याची बिलं जमा झाल्यावर चौकश्या वाढतात. महिनाभर एकही माणूस बघायला आला नाही, तर जाहिरात कमी पडतेय. माणसं येतात पण कुणी भाव बोलत नाही, तर किंमत जास्त झालीय.

टोकन घेताना

'मी लष्करात आहे, घर न बघताच घेतो, टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा' असा फोन आला तर तो ठग समजा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

खऱ्या गिऱ्हाइकाकडूनही विसार बँकेतूनच घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो, ती रक्कम हिशेबात धरा.

विसार पावतीवर खरेदीखताची शेवटची तारीख हवी. त्या दिवसापर्यंत घर आले नाही तर पुढं काय, तेही लिहा. पावती झाल्यावर बोर्ड त्याच दिवशी उतरवा, साइटवरची जाहिरात बंद करा आणि सगळ्या एजंटांना फोन करून कळवा. विचारून गेलेल्या बाकीच्या लोकांचे नंबर मात्र खरेदीखत होईपर्यंत जपून ठेवा.