‘रक्तातच आहे’ : कमल रणदिवे आणि कर्करोगाचे कारण

औशासारख्या गावी कुणाला कर्करोग झाल्याचे कळले की ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे उद्गार आजही कानी पडतात. या वाक्प्रयोगात आनुवंशिकता आणि प्रारब्ध एकच होऊन जातात. त्यांना वेगळे करू पाहणाऱ्या एका मराठी संशोधिकेची नोंद आपल्या वैचारिक इतिहासात मात्र क्वचितच होते.

कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा एक प्रमुख विषय होता उंदरांमधील स्तनांचा कर्करोग. काही वाणांत हा रोग आईकडून मुलीकडे जाताना दिसे. ते रक्ताचेच देणे असावे, असे कुणालाही वाटले असते. परंतु १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी अशी पिल्ले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या मादीला पाजायला दिली, तेव्हा रोगाचे प्रमाण घटले. दोषाचा एक वाटा दुधात होता. तो विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध रणदिवे यांनी याच धाग्याने तपासला. अर्थात, उंदरांचा हा निष्कर्ष मानवी मातेच्या दुधाला लावता येत नाही.

१९७६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांच्या कर्ककारकतेवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पानाची चंची ही आपल्याकडे आतिथ्याची खूण. तिच्यातले कारण ‘रक्तात’ शोधून कसे सापडणार?

रक्तातले कारण नसतेच, असे नव्हे. १९९४ मध्ये बीआरसीए-१ या जनुकाची ओळख पटली. त्यातील सदोष बदल वारशाने आल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. तरीही तो धोकाच असतो, निश्चिती नव्हे. शिवाय, स्तनांच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच अशा वारशातून उद्भवतात.

‘रक्तातच आहे’ यातला ‘च’ हा भाषेचा प्रश्न आहे, म्हणून आम्हां भाषा शिकविणाऱ्यांचाही. त्या एका अक्षरापायी तपासणी लांबते, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आईचा आजार लपविला जातो.