दारूबंदीपासून अनामिकांच्या सभेपर्यंत



पनवेलात बसून दारूच्या इतिहासाविषयी बोलावयाचे म्हणजे आरंभ शेजारच्या उरणापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात उरण महाल पनवेल तालुक्यातच मोडत असे आणि १८८३ साली हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला. उरणच्या भट्ट्यांवर मोहाची दारू गाळली जाई. भट्ट्या बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या. १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारने या धंद्यावर आपली पकड घट्ट केली, माड-ताडांवरील कर चढविला, आणि १८९२ साली मोहाच्या फुलांसाठीही निराळा कायदा केला. सरकारात जमा झालेल्या रुपयांचा हिशेब जुन्या अहवालांतून मिळतो. पिणाऱ्यांपैकी कोणी पुढे सावरला काय, आणि सावरला तर कोणाच्या आधाराने, हे मात्र त्या दप्तरात शोधूनही सापडावयाचे नाही.

पुढचे उपाय आपणांस ठाऊकच आहेत. १९०८ साली पुण्यास टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन झाले. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्याबरोबर हातभट्ट्याही आल्या. साठीच्या दशकात बंदी सैल झाली, तरी कायदा पुस्तकात राहिलाच. या सर्व खटाटोपात पिणाऱ्याच्या वाट्यास उपदेश आला, शिक्षा आली, नाही तर परवाना आला. त्याचे म्हणणे बसून ऐकावे, असे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

ते ज्या दोघांच्या मनात आले ते दोघेही स्वतः पिणारेच होते. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरदलाल अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसले. काही महिने त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. पण हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा असताना शेजारच्या बारमधील हास्यविनोद कानी आले आणि त्याचे पाय डळमळू लागले. त्या क्षणी त्यास एवढेच सुचले, की दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलल्यावाचून आपण वाचत नाही! गावातील चर्चांना फोन करीत करीत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्यापर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांसाठी म्हणून बसलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. हा मनुष्य उपदेश करीत नव्हता. आपलीच फजिती सांगत होता. डॉक्टर त्यानंतर एकदा घसरले. परंतु १० जून १९३५ चा घोट त्यांचा अखेरचा ठरला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा जन्मदिवस मानला जातो.

भारतात ही चळवळ १९५७ साली आली आणि मुंबईत तिचे मूळ धरले. गंमत पाहा, त्या वेळी मुंबईत दारूबंदी लागू होती! एकीकडे कायदा, दुसरीकडे ही लहानशी बैठक. कायद्याच्या अंमलाची कागदपत्रे आजही चाळता येतात. बैठकीत कोण बसले होते याची नोंदवही मात्र नाही, कारण नाव न सांगणे हाच तेथला नियम. इतिहासकाराची अडचण होते खरी, पण हा नियम नसता तर कित्येक जण दाराशी आलेच नसते. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभारले. रुग्ण उपचार घेऊन घरी गेल्यावरही त्यास अशा बैठकीचा आधार लागतो, हे तेथील कार्याने मराठी माणसाच्या चांगले ध्यानी आणून दिले.

आता पनवेलच्या मनुष्याने काय करावे? मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात या सभा बहुधा संध्याकाळी, शाळेच्या वा चर्चच्या एखाद्या खोलीत भरतात. दारावर मोठी पाटी नसते. पत्ता डॉक्टराकडून, व्यसनमुक्ती केंद्राकडून अथवा सरकारच्या १४४४६ या दूरध्वनीवरून विचारून घ्यावा. ओळखीचे कोणी पाहील म्हणून भीती वाटत असेल, तर लोकल धरून चार स्टेशने पुढे जावे. त्यात कमीपणा नाही. तेथे फी नाही, अर्ज नाही. दारू सोडावी अशी इच्छा एवढीच पात्रता. एक एक जण उठतो, नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. त्यास मध्येच कोणी तोडीत नाही, सल्लाही देत नाही. शपथ जन्मभराची नसते. आज प्यावयाची नाही, इतकेच. यास भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेला २७ अभ्यासांचा आढावा पाहावा. पूर्ण मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत ही रीत इतर प्रस्थापित उपचारांहून बहुधा सरस ठरलेली आढळते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास त्यास कंप, भ्रम, झटके येऊ शकतात व प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून आधी डॉक्टरास भेटावे, मग सभेस जावे.

घरच्या मंडळींसाठीही स्वतंत्र बैठका असतात. बिलची पत्नी लोईस हिने १९५१ साली त्यांची रीतसर संघटना उभी केली. कारण नवरा सभेत बसलेला असता या बायका बाहेर ताटकळत असत, आणि बोलता बोलता त्यांना कळून आले, की सांगण्यासारखे आपल्यापाशीही पुष्कळ आहे. नवरा यावयास तयार नसला तरी बायकोने एकटीने जावे. मागच्या बाकावर बसावे, चहा घ्यावा. पहिल्या दिवशी तिला कोणी काही विचारणार नाही.