जॅक्सन, जो
(१६ जुलै १८८७ – ५ डिसेंबर १९५१). विख्यात अमेरिकन बेसबॉलपटू. पूर्ण नाव जोसेफ जेफरसन जॅक्सन. दक्षिण कॅरोलायना राज्यातील पिकेन्स परगण्यात एका गरीब कुटुंबात जन्म. लहानपणापासूनच कापडगिरणीत काम करावे लागल्यामुळे तो निरक्षर राहिला. गिरणीच्या संघातूनच त्याच्या खेळास प्रारंभ झाला. नव्या बुटांनी पायांस फोड आल्याने एका सामन्यात तो केवळ मोजे घालून खेळला. त्यावरून त्यास ‘शूलेस जो’ (अनवाणी जो) हे टोपणनाव मिळाले.

१९०८ मध्ये फिलाडेल्फिया संघातून त्याने व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत पदार्पण केले. तथापि त्याचा जम बसला तो १९१० पासून क्लीव्हलंड संघात. बाह्यक्षेत्ररक्षक म्हणून त्याची फेक लांब पल्ल्याची व जोरकस होती. परंतु त्याची खरी ख्याती डावखुऱ्या फलंदाजीमुळे झाली. १९११ च्या हंगामात त्याने २३३ यशस्वी फटके मारून ०·४०८ अशी सरासरी गाठली. मात्र टाय कॉबची त्या वर्षीची सरासरी ०·४२० असल्याने अग्रस्थान त्यास लाभले नाही. १९१५ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्स संघात आला व १९१७ मध्ये त्या संघाने जागतिक मालिका जिंकली.

१९१९ च्या जागतिक मालिकेत शिकागो संघ सिनसिनॅटीकडून ५–३ असा पराभूत झाला. पुढील वर्षी, जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप जॅक्सनसह आठ खेळाडूंवर आला. पाच हजार डॉलर घेतल्याचे त्याने सप्टेंबर १९२० मध्ये चौकशी मंडळापुढे मान्य केले. पण आपण जिंकण्यासाठीच खेळलो, असेही सांगितले. त्या मालिकेत त्याचे १२ यशस्वी फटके व ०·३७५ ही सरासरी होती. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्यूरीने सर्वांना निर्दोष ठरविले. तथापि दुसऱ्याच दिवशी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बहिष्कृत केले. १९२० मध्ये ०·३८२ सरासरी राखणाऱ्या जॅक्सनची कारकीर्द अशा रीतीने ऐन भरात संपुष्टात आली. थकीत वेतनासाठी त्याने लावलेल्या दाव्यात १९२४ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. पण त्याची साक्ष पूर्वीच्या जबानीशी विसंगत असल्याने न्यायाधीशांनी तो रद्द केला. पुढे सव्हॅना येथे कपडे धुलाईचा व ग्रीनव्हिल येथे मद्यविक्रीचा व्यवसाय त्याने केला. ग्रीनव्हिल येथेच त्याचे निधन झाले.

१३ मे २०२५ रोजी बेसबॉलच्या आयुक्तांनी, असा बहिष्कार खेळाडूच्या मृत्यूबरोबर संपतो, असा निर्णय दिल्याने सन्मानदालनातील निवडीसाठी त्याचे नाव विचारात घेणे शक्य झाले. ०·३५६ ही त्याची एकूण सरासरी त्याच्या गुणवत्तेची साक्ष देते. परंतु त्याने घेतलेली रक्कमही नोंदलेलीच असल्याने त्याच्याविषयीच्या कोणत्याही निर्णयात दोन्ही गोष्टींचा विचार करणे अपरिहार्य ठरते.