खराट्यावरची मैत्रीण : बालसाहित्यातील प्रेमळ चेटकिणी

चेटकीण म्हटली की बाकदार नाक, पिंजारलेले केस आणि मुलांना पळवून नेणारी म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहते. ग्रिम बंधूंच्या हॅन्सेल व ग्रेटेलच्या कथेत ती मुलांना खाण्यासाठी पोसते. आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली. तिने मुलांना घाबरवता घाबरवता पोट धरून हसवले; तरीही गोष्टीतील खलनायिका तीच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र जगाच्या बालसाहित्यात एक निराळी चेटकीण अवतरली. ही चेटकीण शाळेत चुका करते, पोटापाण्यासाठी काम शोधते आणि एकटेपणाने कष्टीही होते.

सूर्यास्तापर्यंतची जादू

या परंपरेची पूर्वपीठिका इंग्रज लेखिका ई. नेस्बिट यांच्याकडे सापडते. त्यांच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ (१९०२) या कादंबरीत पाच भावंडांना वाळूत राहणारा एक विचित्र प्राणी भेटतो. तो रोज एक इच्छा पूर्ण करतो, पण सूर्य मावळताच ती जादू विरते. मुले सुंदर होण्याची इच्छा करतात, तर घरची दाई त्यांना ओळखतच नाही. सोन्याची नाणी मागतात, तर दुकानदार ती घेत नाहीत. जादू राजवाड्यातून उचलून घर, अंगण आणि बाजारात आणणे आणि तिला ठाम मर्यादा घालणे, हे नेस्बिट यांचे मोठे योगदान मानले जाते.

‘चांगली’ म्हणजे कोणती?

जर्मन लेखक ओटफ्रीड प्रॉयसलर (१९२३-२०१३) हे व्यवसायाने शिक्षक होते. त्यांच्या मुलींना दुष्ट चेटकिणींची भीती वाटे. ती घालवण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींतून ‘छोटी चेटकीण’ हे पुस्तक १९५७ साली आकारास आले. यातील नायिका अवघी १२७ वर्षांची, म्हणजे चेटकिणींच्या हिशेबाने लहानच! थोरल्या चेटकिणींच्या नृत्यात चोरून सामील झाल्याबद्दल ती पकडली जाते. वर्षभरात ‘चांगली चेटकीण’ होऊन दाखवलेस तर पुढच्या वर्षी नाचायला ये, असे तिला बजावले जाते. ती बिचारी गरिबांच्या, मुलांच्या आणि प्राण्यांच्या मदतीला धावते. वर्ष संपल्यावर उलगडते, की थोरल्या चेटकिणींच्या लेखी वाईट कृत्ये करणारीच ‘चांगली’! अखेरीस ती त्या साऱ्यांचे खराटे आणि जादूची पुस्तके जाळून टाकते. चांगले कशाला म्हणायचे हे ठरवणारे कोण, असा प्रश्न हे पुस्तक सहा-सात वर्षांच्या वाचकापुढे सहज ठेवते.

वर्गातील वेंधळी

ब्रिटिश लेखिका व चित्रकार जिल मर्फी (१९४९-२०२१) यांनी ‘द वर्स्ट विच’ शाळकरी वयातच लिहायला घेतले. स्वतःच्या शाळेच्या आठवणींना त्यांनी जादूची फोडणी दिली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मिल्ड्रेड हबल ही चेटकिणींच्या निवासी शाळेतील सर्वांत वेंधळी विद्यार्थिनी आहे. इतर मुलींना काळी मांजरे मिळतात, हिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचे मांजर येते. तिचे मंत्र चुकतात, खराटा धडकतो, बाई ओरडतात. तरीही शेवटी तिचे धाडसच शाळेच्या उपयोगी पडते.

घरपोच सेवा देणारी किकी

जपानच्या एइको कादोनो (जन्म १९३५) यांना ‘किकी’ची कल्पना त्यांच्या मुलीने काढलेल्या चित्रावरून सुचली. त्या चित्रातील चेटकीण रेडिओ ऐकत उडत होती. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तेरा वर्षांची किकी प्रथेप्रमाणे घर सोडते आणि जिजी नावाच्या काळ्या मांजरासह अनोळखी गावात वर्षभर राहते. तिला जमते ते फक्त उडणे. त्याच कौशल्यावर ती सामान पोहोचवण्याचा व्यवसाय उभारते. हायाओ मियाझाकी यांनी १९८९ साली यावर केलेला अ‍ॅनिमेशनपट जगभर गाजला. कादोनो यांना २०१८ चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. किकीच्या कथेत जादू ही आयती मिळालेली सत्ता राहत नाही, ती उपजीविकेचे साधन होते. गाव तिला स्वीकारते ते तिच्या कामामुळे.

गोष्टीबाहेरचे वास्तव

या निरागस कथांना एक काळी पार्श्वभूमी आहे. युरोपात काही शतके चेटकीण ठरवून असंख्य स्त्रियांना मारले गेले. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे आना गोल्डी या मोलकरणीला १७८२ साली देहदंड झाला. मालकाच्या मुलीच्या खाण्यात जादूने सुया टाकल्याचा आरोप तिच्यावर होता. तेथील विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले ते २००८ साली!

भारतात हा विषय इतिहासजमा झालेला नाही. ‘डाकीण’ वा ‘डायन’ ठरवून स्त्रियांचा छळ आणि हत्या झाल्याची प्रकरणे अजूनही नोंदवली जातात. बिहारने १९९९ साली याविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर, २०१३ साली अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिला त्रास देणे हा त्यानुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

म्हणूनच या पुस्तकांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. गावाबाहेर एकटी राहणारी, चारचौघींपेक्षा वेगळी वागणारी स्त्री म्हणजे संकट, असे जुनी गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवीत आली. मिल्ड्रेड किंवा किकी यांच्याशी मैत्री झालेले मूल अशा स्त्रीला आधी तिचे नाव विचारील. पालकांनी या गोष्टी जरूर वाचून दाखवाव्यात; आणि खराट्यावरून कोणी उडत नाही, परंतु तसा आळ घेऊन माणसे खरोखर मारली गेली, हेही मूल जाणत्या वयाचे झाले की सांगावे.